धक्क्यावरची तिसरी तार

ती घटना आठवण्यासाठी मला जुन्या डायऱ्या उघडाव्या लागत नाहीत. मे महिन्यातले ते तळे, दुपारचे ऊन आणि पाण्याच्या काठाशी येऊन जागच्या जागी थबकलेल्या अकरा म्हशी लगेच डोळ्यांपुढे येतात. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावाला संपवून ढसाढसा रडणारी माणसे पाहिली. कशाचा राग आला, कशाची किळस आली. या एका प्रकरणाचे मात्र नवल वाटले, आणि ते अजून ओसरलेले नाही. नावे कोणाचीच सांगणार नाही. ज्यांची आहेत त्यांना ती माहीत आहेत.

त्या वेळी मी नागपूरच्या दक्षिणेला, उमरेडच्या वाटेवरच्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो. हुडकेश्वर, बेसा ओलांडून शहर आमच्या हद्दीच्या अंगावर येत चालले होते. हद्दीत एक मोठे तळे होते. एका खासगी ठेकेदाराने तिथे दोन मजली लोखंडी बोट आणली होती. खाली लहानसे स्वयंपाकघर, फ्रिज आणि चहाचे पाणी तापवायचा बॉयलर. वर बसायला जागा, रंगीत दिवे आणि काचेची एसी खोली. शनिवार-रविवारी मिहानमधल्या कंपन्यांचे लोक पार्टीला येत. बोट फिरताना तिच्या इंजिनावर चाले. धक्क्याला बांधली की किनाऱ्यावरच्या खांबावरून एक जाड केबल तिला जोडली जाई आणि आतले सगळे त्या विजेवर चाले. बोटीलाही घरासारखी लाइन लागते, आणि ती घरापेक्षा जास्त जपावी लागते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आम्हा नागपूरकरांचा बोटीशी संबंध तो किती!

एका मंगळवारी दुपारी ठाणे अंमलदाराने फोन घेतला आणि मला हाक मारली. बोट चालवणारा माणूस बुडून मेला होता.

मी बीट जमादाराला घेऊन गेलो. मृत माणूस चाळिशीचा, तळ्याकाठच्या मासेमारांच्या वस्तीतला. बोटीच्या पंख्यात जलपर्णी अडकली होती, ती काढायला तो धक्क्याच्या कडेने पाण्यात उतरला होता. मी काठी टाकून खोली पाहिली. पाणी छातीपर्यंत होते. वस्तीतले लोक सांगत होते की हा माणूस हे तळे लहानपणापासून या काठावरून त्या काठापर्यंत पोहत आलेला. अंगावर एकही जखम नव्हती, ओरखडासुद्धा नव्हता.

बोटीचा मॅनेजर गोरा, नीटनेटका, बोलायला गोड. त्याने जबाबात सांगितले, "साहेब, मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण त्याने थोडी घेतलेली होती." मी ते तसेच लिहून घेतले. मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल केला, इन्क्वेस्ट पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवले. डॉक्टरांचे प्राथमिक मत आले, पाण्यात बुडून मृत्यू. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, रासायनिक तपासणीसाठी राखून ठेवला. त्याचा अहवाल यायला महिने लागतात.

शवागाराबाहेर त्याची बायको उभी होती. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "साहेब, तो पीत नव्हता."

हे वाक्य मी नोकरीत शेकडो बायकांच्या तोंडून ऐकले होते. मी मान हलवली आणि जीपमध्ये बसलो.

प्रकरण तिथेच मिटले असते. शुक्रवारी सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरीवर सही करत होतो, तेव्हा एक साठीची बाई काठी टेकत दारात आली. तळ्याच्या बांधावर म्हशी चारणारी. आत यायचे की नाही, या विचारात ती बराच वेळ उंबऱ्यावरच उभी होती.

"साहेब, एक गोष्ट सांगू का? हासाल त नाही नं?"

"बोला बाई."

"माह्या म्हशी धक्क्याच्या अंगानं पाण्यात उतरून नाही राहिल्या. पाच-सहा दिस झाले. पहिले धावत सुटत होत्या. आता पाय टाकते अन् मांगं फिरते."

जमादार हसला. "मावशी, म्हशीची तक्रार गुरांच्या दवाखान्यात द्या नं."

"तक्रार नाही गा," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "तो बिचारा जेथी मेला नं, तेथीच नाही उतरून राहिल्या."

मी शेतकऱ्याच्या घरचा आहे. नागपूरच्या मे महिन्यात म्हैस पाण्याला नाही म्हणते, हे मला हसण्यासारखे वाटले नाही. त्याच दुपारी मी साध्या कपड्यांत बांधावर गेलो आणि पळसाखाली बसलो. उन्हाने माती तडकली होती. बाईने म्हशी सोडल्या. त्या नेहमीच्या सवयीने धक्क्याकडे चालल्या. सर्वांत पुढची, मोठ्या शिंगांची म्हैस पाण्याशी पोचली. तिने पुढचा एक पाय आत टाकला. टाकला आणि झटकन मागे घेतला. नाकातून जोरात फुसकारली. तिच्या मागच्या दहाही थांबल्या. मग साऱ्या कळपाने वळण घेतले, म्हशी दोनशे पावले लांब गेल्या, आणि तिथे धडाधड पाण्यात कोसळल्या.

मी उभा राहिलो. पाणी वरून तेच होते, तसेच शांत, त्यात आभाळ दिसत होते. पण त्या मुक्या जनावरांना त्याच्यात असे काहीतरी कळत होते, जे दोन डोळे आणि तीस वर्षांचा अनुभव असून मला कळत नव्हते.

माझा पहिला तर्क चुकला, हेही सांगतो. मला वाटले की कोणीतरी मासे मारायला पाण्यात औषध टाकले असावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जमादाराला दोन शिपायांसह पाण्याचे नमुने आणायला पाठवले. रासायनिक विश्लेषणाला पाठवायचे म्हणून स्वच्छ बाटल्या, सील, लाख, सगळे सोबत दिले. इकडे ठाण्यात बोटीवरच्या एकेका माणसाला बोलावून पुन्हा जबाब घेऊ लागलो. स्वयंपाकी झाला, तिकीट फाडणारा झाला. तिसरा होता वायरमन.

तो पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत, उमरेडच्या विणकर कुटुंबातला. बाप-आजे हातमागावर लुगडी विणत. यानेही बावीस वर्षांचा होईपर्यंत काठ विणले. मग माग बंद पडले, आणि याने आयटीआय करून वायरमनचे लायसन काढले. गेले दहा-बारा दिवस तो सासुरवाडीला लग्नात होता, आदल्या संध्याकाळीच परतला होता. खुर्चीत अगदी पुढे सरकून बसला होता आणि दोन्ही पंजे गुडघ्यांत दाबून धरले होते. अशा बसण्याचा अर्थ मला माहीत होता. या माणसाच्या पोटात काहीतरी होते.

मी सुरुवात करण्याआधी त्यानेच विचारले, "साहेब, बोटीची लाइन आता चालू आहे का बंद?"

"प्रश्न मी विचारीन," मी म्हणालो. "तुम्ही उत्तर द्यायचं."

"हो जी. पण चालू आहे का बंद?"

"मला काय माहीत? माझी माणसं आता पाण्याचे नमुने घ्यायला तिथेच गेली आहेत. त्यांना विचारतो नंतर."

तो ताडकन उभा राहिला. खुर्ची मागे पडली. दारावरचा शिपाई धावत आत आला, त्याला वाटले हा पळतो आहे.

"धक्क्यापाशी? साहेब, त्यांले पाण्यात उतरू देऊ नका! पाया पडतो, पहिले फोन करा!"

आरोपीने घाबरून केलेला आरडाओरडा आणि दुसऱ्यासाठी फुटलेला आवाज यांत फरक असतो. पोलिसाला तो कान असावा लागतो. मी फोन उचलला. जमादाराचा फोन वाजत राहिला. घेतला नाही. एका शिपायाचा लावला, रेंज नव्हती. पुन्हा जमादाराचा लावला. वायरमन टेबलाची कडा धरून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. ती वाजणारी घंटा मला फार लांबलेली वाटली. शेवटी आवाज आला, "साहेब, बोला."

"कुठे आहेस?"

"धक्क्यावर. बूट काढून राहिलो. प्यांट वर केली, आता उतरतोच."

"उतरू नकोस. मागे हो. तिघेही मागे व्हा."

"काहून साहेब?"

"मागे हो म्हटलं ना!"

वायरमन माझ्या कानाशी येऊन हळू, पण स्पष्ट सांगू लागला आणि मी तसेच फोनवर बोलत गेलो. बूट पुन्हा घाला. हात पुसून कोरडे करा. केबलला हात लावू नका, प्लग ओढू नका. आधी खांबावरचा मेन पाडा, मग बाकी सगळे. बोटीच्या लोखंडाला कोणी शिवू नका. पाच मिनिटांनी जमादाराचा फोन आला, मेन पाडला म्हणून. तेव्हा कुठे वायरमन खाली बसला. खुर्ची पडलेलीच होती, तो फरशीवरच बसला.

मी त्याला पाणी दिले. अर्धा पेला प्यायल्यावर तो आपणहून बोलू लागला.

"साहेब, किनाऱ्यावरून बोटीले जी केबल जाते नं, तिच्यात तीन तारा असते. एक वीज नेणारी, एक वापस आणणारी. तिसरी अर्थिंगची. ती तिसरी काहीच काम नाही करत, असं दिसते. दिवा लावत नाही, पंखा फिरवत नाही. फक्त बोटीच्या लोखंडाले बांधून राहते. पण आत एखादी वस्तू खराब झाली, अन् वीज बोटीच्या लोखंडात उतरली, त ही तिसरी तार तिले उचलून जमिनीत नेते. ही नसली, त ते लोखंड ती वीज पाण्यात सोडते."

"आणि ही तार नव्हती?"

तो माझ्याकडे पाहत होता. डोळे चुकवले नाहीत.

"नव्हती. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उतरलं, बोट मांगं सरकली. केबल कमी पडली. मॅनेजरनं दोन तारांचा तुकडा आणून देला. मी म्हटलं तीन तारांचा पायजे. म्हणे परवा आणतो, आज रविवारची बुकिंग आहे, आज जोड. मी जोडला. ती तिसरी तार तशीच लोंबत ठेवली. जोड माह्या हातचा आहे साहेब."

मी लिहायचे थांबलो होतो.

"तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना?"

"कळते जी. पण एक गोष्ट मले समजून नाही राहिली. खांबाच्या डब्यात एक स्विच आहे. थोडी जरी वीज भलतीकडे गेली, त तो आपोआप पडते, सारी लाइन बंद करते. दर महिन्याले त्याचं बटण दाबून मी तपासत होतो. त्याच्याच भरोशावर मी लग्नाले गेलो. तो काहून नाही पडला?"

सोमवारी आम्ही घटनास्थळाचा पंचनामा केला. शासनाचे विद्युत निरीक्षक आले, दोन पंच आले. मॅनेजर पांढरा शर्ट घालून एका बाजूला उभा होता. निरीक्षक बारीक चणीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सर्वांना वीस पावले मागे नेले. स्वतः रबरी हातमोजे घातले, ओल्या मातीत एक लोखंडी सळई ठोकली, आणि होल्डरला लावलेल्या साध्या पिवळ्या बल्बची एक तार सळईला आणि दुसरी बोटीच्या कठड्याला जोडली. मग बाजूला होऊन मेन चालू करायला सांगितला.

बल्ब लागला.

भर दुपारच्या उन्हात तो फारसा उजळ दिसत नव्हता, पण त्याच्या आतली बारीक तार लालसर तापलेली स्पष्ट दिसत होती. बल्बची एक तार मातीत होती, दुसरी बोटीच्या रंगवलेल्या कठड्याला. त्याच कठड्याला टेकून लोक फोटो काढत असत. जमादार माझ्या शेजारी उभा होता. त्याने बल्बकडे पाहिले, मग आपल्या पायांकडे, मग पुन्हा बल्बकडे.

मेन पाडल्यावर निरीक्षकांनी मला समजावले. बॉयलरची कॉइल आतून फुटली होती, तिथून वीज बोटीच्या अंगात आली. अर्थिंग तुटलेले, म्हणून ती चहूबाजूंनी पाण्यात पसरली. "गोडं पाणी विजेला फारशी वाट देत नाही," ते म्हणाले. "माणसाचं शरीर देतं. त्यामुळे माणूस त्या पाण्यात उतरला की वीज पाणी सोडून त्याच्यातून जाते. हातपाय आखडतात. पोहणारा असो की नसो, काही उपयोग नाही. अंगावर खूण राहत नाही. डॉक्टरला बुडालेलाच दिसतो. आणि जनावराला हे आपल्याआधी कळतं."

मी तळ्याकडे पाहिले. वारा नव्हता. एक बगळा लांब उभा होता. माणूस मारणारे हत्यार मी आयुष्यभर शोधत आलो, जप्त केले, सील केले, मालखान्यात ठेवले. हे हत्यार आमच्यापुढे पसरलेले होते, आणि ते मुठीत धरता येत नव्हते.

मग निरीक्षकांनी खांबावरचा डबा उघडला. आपोआप पडणारा तो स्विच जागेवर होता. पण त्याच्या खालून वर एक वायरचा तुकडा मारलेला होता. वीज स्विचमधून न जाता त्या तुकड्यावरून जात होती. स्विच पडला काय, न पडला काय, सारखेच.

"हे मी नाही केलं," वायरमन म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "माहा जोड मी कबूल करतो. हा माहा हात नाही."

मॅनेजर हसल्यासारखे करत म्हणाला, "साहेब, लाइनीला याच्याशिवाय दुसरं कोण हात लावणार? आम्हाला त्यातलं काय कळतं?"

एकाचा शब्द आणि दुसऱ्याचा शब्द. डब्यावर बोटांचे ठसे मिळण्यासारखे नव्हते, पन्नास हात लागले होते. पंच माझ्याकडे बघत होते. मी तो तुकडा सील केला, जप्ती पंचनामा पुरा केला आणि बांधावर चढलो. म्हशीवाली बाई तिथे बसली होती.

"मावशी," मी तिच्या शेजारी बसलो. "मंगळवारी तुम्ही इथेच होतात?"

"इथंच होती."

"काय पाहिलं ते सगळं सांगा. महत्त्वाचं वाटो न वाटो."

ती आठवत आठवत बोलली. तो पाण्यात उतरला. दोन-चार हात जलपर्णी काढून फेकली. मग एकदम वाकडा झाला आणि खाली गेला. बोटीवरचा स्वयंपाकी ओरडला. "मंग तो पांढऱ्या सदऱ्यावाला मॅनेजर धावला."

"पाण्यात उडी मारली?"

"नाही जी. पाण्याकडं नाही गेला. तो खांबाकडं धावला. डबा उघडला, काही केलं, अन् मंग ओरडला की उडी मारा. मंग दोघं-तिघं उतरले."

मी तिला हे तीनदा विचारले. तीनही वेळा तसेच सांगितले.

बुडणारा माणूस दिसला की लोक तीन गोष्टी करतात. कोणी पाण्यात उडी घेतो, कोणी दोर-काठी शोधतो, कोणी जागीच थिजतो. बुडणाऱ्याकडे पाठ करून विजेच्या खांबाकडे धावणारा माणूस मी पाहिला नव्हता. तसे धावायचे तर पाण्यात काय आहे हे आधी माहीत असावे लागते.

मॅनेजरला मी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावले. आवाज चढवला नाही. चहा मागवला. इकडचे तिकडचे विचारले. मग म्हणालो, "तो बुडत होता, तेव्हा तुम्ही आधी खांबाकडे का गेलात?"

त्याने कप खाली ठेवला. बशीवर तो वाजला. "गेलो नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "कोण म्हणतं?" मग बराच वेळ काही म्हणाला नाही. मीही काही बोललो नाही. चौकशीत गप्प बसणे हे सर्वांत कठीण काम आहे, आणि ते मला फार उशिरा जमले.

"शनिवारी मोठी पार्टी होती," शेवटी तो भिंतीकडे पाहत म्हणाला. "स्विच सारखा पडत होता. एसी बंद, दिवे बंद. पाहुणे ओरडत होते. वायरमन लग्नाला. यूट्यूबवर पाहून मीच तुकडा मारला. वाटलं स्विचच खराब आहे."

"आणि नंतर?"

"पोरं म्हणायची, कठड्याला हात लावला की मुंग्या येतात. मी म्हटलं, चप्पल घालून फिरा." त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "तो खाली गेला तेव्हा मला एकदम कळलं. एकदम, साहेब. मी लाइन बंद केली म्हणून तर बाकीचे वाचले."

ते खरे होते. ते लिहून घेणे माझे काम होते, आणि मी लिहून घेतले. मात्र पुढचेही खरे होते. बुधवारी सकाळी, फ्रिजमधला माल खराब होतो म्हणून, त्याने तीच लाइन पुन्हा चालू केली होती, आणि शनिवारी माझा जमादार त्याच पाण्याशी बूट काढत होता.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा दोघांवर दाखल झाला. इथे वाचकांना एक कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे. पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा होत नाही. दोन तारांचा तो तुकडा वायरमनने जोडला, हे पाहणारा एकही साक्षीदार नव्हता. मॅनेजरला तर सगळे वायरमनवर ढकलायचे होते, पण डब्यातला तुकडा त्यानेच मारल्याचे उघड झाल्यावर मॅनेजरचे बोलणे कोणी धरले नसते. वायरमनच्या वकिलाने त्याला सरळ सांगितले, तू सुटीवर गेल्यावर मॅनेजरनेच जोड मारला म्हण, सुटशील. मला हे वायरमननेच सांगितले. आणि त्यानेच अर्ज केला की मला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे बोलायचे आहे. त्यांनी त्याला एकट्याला बसवले, हे तुझ्याविरुद्ध वापरले जाईल हे समजावले, विचार करायला एक दिवस दिला. दुसऱ्या दिवशी तो आला आणि तेच बोलला. शब्दही बदलला नाही.

त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. मेलेल्याच्या घरी जाऊन त्याला स्वतः सांगायचे होते. नियमात बसते का, याचा मी फार विचार केला नाही. जामीन झाल्यावर एका सकाळी मी त्याच्यासोबत वस्तीत गेलो. मेलेल्याची बायको अंगणात जाळे नीट करत बसली होती. दोघांमध्ये चार हातांचे अंतर ठेवून तो जमिनीवर बसला आणि सगळे सांगितले. तिसरी तार, तुकडा, स्विच. रडला नाही, माफी मागितली नाही. फक्त जे झाले ते सांगितले.

तिचे हात जाळ्यावर थांबले होते. तिने विचारले, "धक्का इथून केवढा लांब आहे? मी घरीच होती. त्यानं हाक मारली असती त मी आयकली असती. हाक काहून नाही मारली?"

वायरमन म्हणाला, "मारता नाही आली, वहिनी. तसा करंट लागला त छाती आखडते. आवाजच निंघत नाही. त्याले मारायची होती, पण मारता नाही आली."

मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली. पदराने तोंड दाबून, मोठ्याने. थोड्या वेळाने सावरली आणि मला म्हणाली, "साहेब, सारे म्हणत होते पिऊन मेला. मी नाही म्हणत होती. पण आठ दिसांत माहाच भरोसा हालला होता. रातच्याले वाटे, खरंच घेत असन का चोरून?"

मी खाली पाहिले. "थोडी घेतलेली होती" हे मॅनेजरचे वाक्य माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. पुढे व्हिसेराचा अहवाल आला. दारूचा अंशही नव्हता. मी तो घेऊन पुन्हा तिच्या घरी गेलो आणि वाचून दाखवला. तेवढेच माझ्या हातात होते.

खटला चालला, मी निवृत्त झाल्यावर साक्षीला गेलो. दोघांनाही शिक्षा झाली, वायरमनला कमी. तळ्यावर आता दुसरी बोट आहे. तिच्या केबलमध्ये तीन तारा आहेत, जोड नाही, केबल पाण्यात लोंबत नाही, खांबाशी ढिली वळवून बांधलेली आहे, आणि महिन्यातून एकदा स्विचचे बटण दाबून त्याची वहीत नोंद होते. ही पद्धत त्याच वायरमनने घालून दिली. शिक्षा भोगून आल्यावर.

विजेचे म्हणाल तर तिची मला आता भीती वाटत नाही, पण आदर वाटतो, आणि आदराने वागले की ती फारसे मागत नाही. या प्रकरणाने मला शिकवले ते माणसांबद्दल. आमच्या खात्यात माणूस खरे बोलतो ते पुरावा समोर ठेवल्यावर, असे आम्ही धरून चालतो. मी नवीन अधिकाऱ्यांना तसेच शिकवत आलो होतो. साक्षीच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात तो मला भेटला, तेव्हा मी त्याला विचारलेच. "तुम्हाला जोडताना कोणी पाहिलं नव्हतं. मग काहून सांगितलंत?"

त्याला प्रश्नच कळला नाही असे वाटले.

"कोणी पाहिलं असतं, त त्यानं सांगतलं असतं नं साहेब," तो म्हणाला. "कोणी नव्हतं, म्हणून मलेच सांगा लागलं."

आतून पुकारा झाला. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, शर्टाचे वरचे बटण लावले आणि तो आत गेला.